जुळ्यातला नर ठेवूनही जुळी वाढत नाहीत

प्रश्न: माझ्याकडे ४० कटाहडिन मेंढ्या आहेत, लोकर न येणाऱ्या, केसाळ. चार वर्षं पैदाशीला फक्त जुळ्यातलेच नर ठेवतोय. जुळ्यांचं प्रमाण मात्र हललेलं नाही. नर बदलू की चारा?

उत्तर: एका वेतावर नर निवडताय, घोळ तिथेच आहे. वेतातल्या कोकरांच्या संख्येची आनुवंशिकता जेमतेम १० टक्क्यांच्या आसपास; बाकी खेळ चारा, वय आणि ऋतूचा. मी नराची आई बघतो: तीन वेतांत किती कोकरं झाली आणि दूध तुटेपर्यंत त्यातली किती जगली. पहिलारू मेंढीने एकच दिलं तर मनावर घेत नाही. नराच्या अंडकोशाचा घेरही मोजा, तो गुण पुढे बऱ्यापैकी उतरतो. आणि हो, नर सोडण्याआधी दोन-तीन आठवडे खुराक वाढवा.

दुसरं उत्तर: एवढी वाट कशाला? गॅरोल या बंगालच्या मेंढीतलं फेक-बी जनुक आणा, त्याच्या एका प्रतीनेही वेतातली कोकरं वाढतात.

पहिला उत्तर देणारा: आई-बाप दोन्हीकडून प्रत आली की तिळी वाढतात, सड मात्र दोनच! एका हंगामात पाच कोकरं बाटलीवर वाढवलीत मी. नको रे बाबा.

प्रश्नकर्ता: माझ्या वहीत फक्त जन्माच्या नोंदी आहेत. किती जगली, ते लिहिलंच नाही कधी.