लाकडी त्सेर्क्वांच्या छपरावर हक्क कोणाचा?

आडवाट (धागालेखक)

पश्चिम युक्रेनमध्ये कार्पेथियन डोंगरांच्या कुशीत आणि पायथ्याला वसलेल्या गावांत ओंडक्यांवर ओंडके रचून बांधलेली जुनी चर्चे आहेत. तिथले लोक त्यांना त्सेर्क्वा म्हणतात. २०१३ साली युनेस्कोने अशा १६ त्सेर्क्वा जागतिक वारसा यादीत घेतल्या, त्यांपैकी आठ पोलंडमध्ये आणि आठ युक्रेनमध्ये आहेत. ल्विव्ह प्रांतातील द्रोहोबिच, झोव्क्वा, पोतेलिच आणि मात्किव्ह येथील चार त्सेर्क्वा त्यांत येतात. यादीत गेलेल्यांची विचारपूस करायला कोणीतरी आहे. हा धागा यादीबाहेर राहिलेल्या आणि गावच्या भाविकांच्या ताब्यात असलेल्या त्सेर्क्वांविषयी आहे.

या इमारतींचे छप्पर, आणि पुष्कळदा भिंतीही, 'होंत' नावाच्या लहान लाकडी फळ्यांनी मढवलेल्या असतात. गेल्या तीसेक वर्षांत अनेक गावांनी होंत उतरवून तिथे पत्रा ठोकला. घुमटांवर टायटॅनियम नायट्राइडचा मुलामा दिलेला, सोन्यासारखा झळकणारा स्टीलचा पत्रा आला, भिंतींना प्लास्टिकच्या पट्ट्या लागल्या आणि आतल्या जुन्या चित्रांवरून हौशी कुंचले फिरले. सोव्हिएत राजवट गेल्यावर घरे नव्या थाटाची करण्याची जी टूम निघाली, तिला तिकडे 'येव्रोरेमोंत', म्हणजे युरोपीय धर्तीची डागडुजी, असे म्हणतात. ती टूम देवाच्या घरातही शिरली.

माझे मत असे की शंभर वर्षांहून जुनी प्रत्येक त्सेर्क्वा संग्रहालयाच्या अखत्यारीत द्यावी. सणावाराला प्रार्थनेची मुभा जरूर असावी, पण छपराला आणि चित्रांना हात लावण्याचा अधिकार गावाकडे नसावा. द्रोहोबिचची सेंट जॉर्जची आणि रोहातिनची पवित्र आत्म्याची, अशा दोन्ही त्सेर्क्वा आज संग्रहालये आहेत. रोहातिनला वेदीसमोरची प्रतिमाभिंत, म्हणजे संतांच्या चित्रांनी भरलेली लाकडी भिंत, १६५० सालची आहे आणि ती आजही तिथेच उभी आहे. एखाद्या उत्साही ग्रामसमितीच्या हाती ती असती तर काय झाले असते, याची कल्पना मला करवत नाही.

सुतारपक्षी

पत्र्याला माझाही विरोध आहे, मात्र तो दिसण्यापुरता नाही. होंत ही आगपेटीच्या काडीसारखी साधी वाटणारी, पण फार विचारपूर्वक घडवलेली वस्तू आहे. फळीची एक कड पातळ तासलेली असते आणि दुसऱ्या कडेला खाच असते. एकीची धार शेजारणीच्या खाचेत बसते. पावसात लाकूड फुगते आणि फटी मिटतात, ऊन पडले की ते आकसते आणि आतली हवा बाहेर पडते. छप्पर असे श्वास घेत असल्यामुळे खालचे ओंडके कोरडे राहतात. पत्रा ठोकला की थंडीत त्याच्या आतल्या बाजूला दव साचते, ते तुळयांवर ठिबकते आणि कूज सुरू होते. बाहेरून सगळे लखलखीत दिसत असल्याने ती कूज कोणाच्या ध्यानातही येत नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो. होंत करवतीने कापायचा नसतो, ओंडका रेषेरेषेने फोडून काढायचा असतो. फोडलेल्या फळीत लाकडाचे धागे अखंड राहतात आणि पाणी त्यांवरून ओघळून जाते. करवतीने ते धागे तुटतात आणि प्रत्येक तुटलेल्या टोकातून पाणी आत शिरते. आता धागालेखकांना विचारतो, संग्रहालयाचा शिक्का मारल्याने ही फळी फोडणारा हात कुठून येणार? चांगला होंतसुद्धा साधारण २० ते ३० वर्षांत बदलावा लागतो. गावकऱ्याने पत्रा लावला तो दुष्टपणाने नव्हे. फळी फोडणारा म्हातारा वारला आणि पत्रा तालुक्याच्या बाजारात मिळत होता, एवढेच त्याचे कारण असते.

उझहोरोदकर

धागालेखकांशी मी मुळातूनच असहमत आहे. मी पश्चिम युक्रेनमधल्या उझहोरोद शहरात वैद्यकीय शिक्षण घेतले. आपल्याकडची बरीच मुले तिथे होती, त्यामुळे मराठी कानावर पडायची ददात नव्हती. एका ईस्टरला आम्ही चौघे आगगाडीने उझोकला गेलो. तिथली संत मिखाइलची त्सेर्क्वा १७४५ ची आहे आणि तीही युनेस्कोच्या यादीत आहे. इमारत इतकी लहान की गावातली निम्मी माणसे बाहेरच उभी होती. गवतावर टोपल्यांची रांग मांडलेली, प्रत्येक टोपलीत भरतकाम केलेल्या कापडाखाली गोड पाव, रंगवलेली अंडी आणि मीठ, आणि पाद्री त्या रांगेवरून पाणी शिंपडत चाललेले. दाराशेजारचा एक ओंडका खांद्याच्या उंचीला काळाभोर आणि काचेसारखा गुळगुळीत झाला होता. आत शिरणारी प्रत्येक आजी तिथे हात टेकवून उंबरा ओलांडत होती, म्हणून तो तसा झाला होता. संग्रहालयात त्या ओंडक्यापुढे दोरी बांधतील.

दुसरा मुद्दा हक्काचा. १९४६ साली सोव्हिएत सत्तेने ग्रीक कॅथलिक, म्हणजे पूर्वेकडील पद्धतीने प्रार्थना करणाऱ्या पण पोपला मानणाऱ्या, चर्चवर बंदी आणली आणि ती १९८९ पर्यंत उठली नाही. त्या काळात किती त्सेर्क्वांना कुलपे लागली आणि किती धान्याची कोठारे झाली, हे त्या भागात कोणत्याही वयस्कर माणसाला विचारावे. ज्यांनी घरांत आणि रानांत लपून प्रार्थना केल्या आणि कुलूपबंद इमारतीचे छप्पर गुपचूप शाकारले, त्यांना तुम्ही आज सांगणार की तुम्ही अडाणी आहात, किल्ली आमच्याकडे द्या. शासनाने किल्ली घेण्याचा अनुभव त्या लोकांनी एकदा घेतलेला आहे.

मीठभाकर

दोन्ही बाजू 'मूळ जागा, मूळ हक्क' असे गृहीत धरून बोलत आहेत, म्हणून द्रोहोबिचची गोष्ट सांगणे भाग आहे. धागालेखकांनी संग्रहालयाचे उदाहरण म्हणून दिलेली ती सेंट जॉर्जची त्सेर्क्वा द्रोहोबिचची नाहीच. ती नादियिव्ह नावाच्या गावात होती. सतराव्या शतकाच्या मध्यावर द्रोहोबिचकरांनी ती विकत घेतली, सुटी केली आणि आपल्या गावी आणून पुन्हा जोडली. परंपरा सांगते की किंमत मिठात चुकवली. द्रोहोबिच हे खाऱ्या झऱ्यांचे आणि मिठागराचे गाव, त्यामुळे तिथे मीठ हेच नाणे होते. ओंडक्याच्या बांधकामात हे सहज जमते. कोपऱ्यांत खाचा अडकवलेल्या असतात, त्यामुळे ओंडक्यांवर खुणा करून इमारत उतरवता येते आणि दुसरीकडे त्याच क्रमाने रचता येते.

हेच १९३० साली पुन्हा घडले. तुर्का भागातील क्रिव्का या गावात १७६३ साली बांधलेली संत निकोलसची त्सेर्क्वा पाडली जाणार होती, कारण गावाला नवी हवी होती. आंद्रेई शेप्तित्स्की हे तेव्हा ग्रीक कॅथलिक चर्चचे प्रमुख होते. त्यांच्या पुढाकाराने ती ल्विव्हला आणली गेली आणि शहरालगतच्या एका टेकडीवर उभी राहिली. तिच्याभोवती पुढे १९७१ मध्ये लोकवास्तूंचे खुले संग्रहालय आकाराला आले. आज ती संग्रहालयात आहे आणि तिच्यात नियमित प्रार्थनाही होते. म्हणजे आपण ज्या दोन गोष्टींत भांडण लावले आहे, त्या एकाच छपराखाली सुखाने नांदत आहेत. ज्या गावाने नवे विटांचे चर्च बांधून जुनी त्सेर्क्वा शेजारी कुजत टाकली आहे, तिथून ती हलवायला हरकत कोणाची असावी?

आडवाट (धागालेखक)

मीठभाकर, मिठाची गोष्ट मला ठाऊक होती, पण ती माझ्या बाजूची आहे असे मी समजत होतो. हलवलेली त्सेर्क्वा वाचली, हे खरे. मात्र क्रिव्काची वाचली ती शेप्तित्स्कींमुळे. १९०५ साली ल्विव्हचे राष्ट्रीय संग्रहालय स्थापन करून त्यांनीच खेडोपाड्यांतील टाकून दिलेल्या प्रतिमा गोळा करवल्या. असा माणूस प्रत्येक गावाच्या वाट्याला येत नाही, म्हणून तर संस्था हवी.

उझहोरोदकर, तुमचा काळाभोर ओंडका मला पटला. तुम्हाला वाटले त्याहून जास्त पटला. परंतु त्याच गावकऱ्यांनी उद्या त्या ओंडक्यावर वॉर्निश मारले तर त्यांना अडवणार कोण? आपल्याकडे यादवकालीन दगडी देवळांना तैलरंग फासून 'जीर्णोद्धार' केल्याचे फलक लागतात, तेव्हा आपण हळहळतो. तिथल्या लोकांना मात्र सगळे माफ, असे कसे चालेल?

कातळ

मी धागालेखकांच्याही पुढे जाऊन म्हणतो की या इमारतींत मेणबत्ती पेटवणेच बंद व्हायला हवे. पोलंडच्या बाजूला कोमान्चा येथील लाकडी त्सेर्क्वा २००६ मध्ये जळून खाक झाली. ती पुन्हा हुबेहूब बांधली हे खरे, पण आज जे उभे आहे ते नवे लाकूड आहे. लाकूड, धूप, मेण आणि जुनी विजेची तार एका खोलीत ठेवायची आणि वर श्रद्धेचा हवाला द्यायचा, हे मला समजत नाही. पोतेलिचची त्सेर्क्वा १५०२ ची मानली जाते आणि तिच्या भिंतींवर सतराव्या शतकातील चित्रे आहेत. ओंडक्यांमधल्या फटींवर तागाच्या कापडाच्या पट्ट्या चिकटवून, त्यांवर अस्तर देऊन अशी चित्रे काढत. हिवाळ्यात शंभर माणसांचा ओला श्वास त्या पट्ट्यांवर बसला की काय होते, हे सुतारपक्षी यांनीच सांगावे.

शिवाय युद्ध सुरू आहे. मार्च २०२२ मध्ये ल्विव्हच्या राष्ट्रीय संग्रहालयाने चित्रकार योव्ह कोंद्झेलेविच यांनी १६९८ ते १७०५ या काळात घडवलेली बोहोरोद्चानीची भव्य प्रतिमाभिंत फळीफळीने उतरवून सुरक्षित जागी नेली. ती एखाद्या डोंगरातल्या गावात असती तर कोणी आणि कशी नेली असती? जुलै २०२३ मध्ये ल्विव्हच्या वारसाक्षेत्राला लागून असलेल्या संरक्षित पट्ट्यात क्षेपणास्त्र पडले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात शहराचा जुना भाग युनेस्कोच्या धोक्यातील वारशांच्या यादीत गेला.

उझहोरोदकर

कातळ, तुमच्याच शेवटच्या परिच्छेदाने तुमचा मुद्दा उलटतो. क्षेपणास्त्रे शहरांवर पडतात आणि संग्रहालये शहरांत असतात. शिवाय संग्रहालय म्हणजे अभय नव्हे. १९५२ साली त्याच ल्विव्हच्या संग्रहालयाच्या भांडारातून मिखाइलो बॉयचुक आणि त्यांच्या संप्रदायातील चित्रकारांच्या कृती राजवटीच्या हुकमाने नष्ट करण्यात आल्या. त्या जुन्या प्रतिमा नव्हत्या, आधुनिक चित्रे होती, हे मान्य. पण एका कुलपात सगळे ठेवले की एका हुकमात सगळे जाते. शेकडो गावांत विखुरलेल्या शेकडो किल्ल्या कोणाला एका रात्रीत गोळा करता येत नाहीत.

धागालेखकांच्या वॉर्निशच्या प्रश्नाला उत्तर देतो. अडवायला कायदा आहे. सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा युक्रेनचा कायदा २००० सालचा आहे आणि संरक्षित वास्तू वापरणाऱ्या मंडळीला शासनाशी संरक्षणाचा करार करावा लागतो. तो करार पाळला जात नसेल तर पाळायला लावावा. त्यासाठी इमारत काढून घ्यायची गरज नाही.

सुतारपक्षी

माझे नाव निघाले म्हणून लिहितो. ओल्या श्वासाने चित्रांचे नुकसान होते, हे बरोबर आहे. पण बंद, न वापरलेल्या लाकडी इमारतीचे नुकसान त्याहून वेगाने होते, हेही तितकेच बरोबर आहे. दार रोज उघडते तेव्हा हवा खेळते, गळती पहिल्याच पावसात दिसते आणि कोणीतरी शिडी आणते. सर्वांत आधी कुजतो तो जमिनीलगतचा ओंडक्यांचा थर. त्यासाठी जुन्या सुतारांनी इमारतीभोवती 'ओपासान्या' नावाची रुंद पडवी काढली, म्हणजे पावसाचे पाणी भिंतीच्या मुळाशी पोहोचत नाही. ती पडवी शाबूत आहे का आणि तिच्याखाली कोणी सरपण रचून ठेवलेले नाही ना, हे पाहायला तज्ज्ञ लागत नाही, शेजारी लागतो. मेणबत्तीबाबत कातळ यांच्याशी मी सहमत आहे. ती बाहेरच्या वाळूच्या पेटीत लावता येते.

'मूळ लाकूड' या शब्दावर मात्र माझा आक्षेप आहे. प्रत्येक जुन्या त्सेर्क्वेत कुठला ना कुठला ओंडका नंतरचा आहे आणि आजचा होंत तर कोणाच्याच आजोबांनी पाहिलेला नसतो. जपानमधील नारा येथे १९९४ मध्ये वारशाच्या अस्सलपणाविषयी झालेल्या दस्तऐवजाने अस्सलपणात साहित्याबरोबर कारागिरी आणि वापर यांनाही जागा दिली, ती अशाच लाकडी इमारतींचा विचार करून. त्यामुळे मला पत्रा काढणाऱ्या अधिकाऱ्यापेक्षा गावातल्या दोन पोरांना ओंडका फोडायला शिकवणारा माणूस हवा आहे. त्याचा पगार संग्रहालयाने द्यावा, एवढ्यापुरता मी धागालेखकांच्या बाजूला आहे.

आडवाट (धागालेखक)

शंभर वर्षांची सरसकट अट मी मागे घेतो. मात्किव्हची १८३८ ची त्सेर्क्वा आजही भाविकांच्याच वापरात आहे आणि तिथे माझा नियम लावून काय साधणार, याचे उत्तर माझ्याकडे नाही. चित्रांबाबतचे माझे म्हणणे मात्र कायम आहे. होंत बदलता येतो, सतराव्या शतकातील हाताने काढलेला चेहरा एकदा रंगाखाली गेला की गावाने माफी मागून परत येत नाही. मीठभाकर, क्रिव्कासारखी त्सेर्क्वा हलवायची ठरली तर ज्या गावातून ती निघते त्या गावाला आज मोबदल्यात काय द्यावे, असे आपल्याला वाटते?

मीठभाकर

मीठ तर नक्कीच नको. छपराचे पैसे द्यावेत, त्यांच्या नव्या चर्चच्या छपराचे, आणि ते होंताचे असावे अशी अट घालावी.