आधी आहार, मग खेळणे-बोलणे, असा क्रम बाळाच्या बाबतीत चालतो का?

प्रश्न:
आमची मुलगी अकरा महिन्यांची असून नुकत्याच झालेल्या तपासणीत तिचे हिमोग्लोबिन कमी निघाले. डॉक्टरांनी लोहाचे थेंब सुरू केले आहेत. वजनही हळूहळूच वाढत असल्यामुळे घरात सगळ्यांचे लक्ष तिच्या पोटात किती गेले एवढ्यावरच असते आणि घास पटापट उतरावेत म्हणून भरवताना समोर मोबाइल धरला जातो. आधी अंग धरू दे, खेळणे-बोलणे काय, पुढे होईलच, असे घरच्यांचे म्हणणे आहे. मेंदूच्या वाढीच्या दृष्टीने हे बरोबर आहे का?

प्रतिसाद १:
माझ्या मते नाही. जमैकातील किंग्स्टनमध्ये वाढ खुंटलेल्या, 9 ते 24 महिने वयाच्या 129 मुलांवर झालेला अभ्यास 1991 मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना दोन वर्षे पूरक आहार मिळाला, काहींच्या घरी दर आठवड्याला आरोग्यसेविका येऊन आईला बाळाशी खेळायला व बोलायला शिकवत असे, काहींना दोन्ही मिळाले, तर काहींना यातले काहीच नाही. आहार आणि खेळ या दोहोंनीही विकासात फरक पडला. ज्यांना दोन्ही मिळाले, त्यांची प्रगती सर्वांत चांगली होती. पुढे खेळाचा लाभ टिकला आणि वयाच्या 22 व्या वर्षी त्या मुलांची कमाई सुमारे 25 टक्क्यांनी अधिक आढळली.

प्रतिसाद २:
वरील अभ्यासात केवळ आहाराचा लाभ पुढे टिकलेला दिसला नाही, म्हणून आहार दुय्यम ठरत नाही, हे आवर्जून सांगावेसे वाटते. ग्वाटेमालातील खेड्यांत 1969 ते 1977 या काळात ज्या मुलांना पहिल्या दोन-तीन वर्षांत पौष्टिक पेय मिळाले, त्यांच्यापैकी पुरुषांची तासाची कमाई मोठेपणी अधिक असल्याचे दिसून आले. दोन्ही ठिकाणी मदत मिळाली ती अगदी लहान वयात.

प्रतिसाद ३:
मुळात आहार आणि इंद्रियानुभव हे दोन वेगळे विषय नाहीतच. मज्जातंतूंमधून संकेत वेगाने जावेत म्हणून त्यांच्यावर मायलिन नावाचे आवरण असते आणि ते तयार होण्यासाठी लोह लागते. चिलीमध्ये सहा महिन्यांच्या बाळांवर झालेल्या अभ्यासात लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय झालेल्या बाळांमध्ये कानाकडून मेंदूकडे जाणारे संकेत संथ गतीने पोहोचताना आढळले. असे बाळ आईला अधिक चिकटून राहते आणि वस्तू कमी हाताळते, म्हणजे नेमके ज्याची गरज आहे तो अनुभवच त्याला कमी मिळतो. दुसरीकडे, जन्मजात मोतीबिंदू आयुष्याच्या पहिल्या काही आठवड्यांत काढला नाही, तर पुढे डोळा स्वच्छ होऊनही दृष्टी अधू राहू शकते, कारण मेंदूची ती जडणघडण पुढे ढकलता येत नाही. वर्षाच्या आसपास बाळाचे कान परक्या भाषेतील ध्वनिभेद सोडून घरच्या बोलीत रुजत असतात, म्हणून आत्ताचे बोलणे पुढे नव्हे, आत्ताच हवे.

मोबाइल मात्र बाजूला ठेवावा. चमचा जवळ आला की बाळ आधी त्याकडे पाहते, मग तुमच्या तोंडाकडे, मग हात पुढे करून घास बोटांनी चिवडते. त्या क्षणी थांबून पदार्थाचे नाव घ्यावे आणि तोंड उघडण्याची वाट पाहावी. सांडेल, वेळ लागेल, पण पोट भरल्याची स्वतःची खूण ओळखायला बाळ यातूनच शिकते. थेंब मात्र डॉक्टर सांगेपर्यंत बंद करू नका, कारण हिमोग्लोबिन वाढल्यानंतरही शरीरातील लोहाचा साठा भरायला आणखी काही काळ जावा लागतो. आणि मागून हाक मारल्यावर मुलगी वळून पाहत नसेल, तर श्रवणचाचणीही लगेच करून घ्या.