मदत हवी आहे: ओपनस्ट्रीटमॅपवर रस्त्याचं जुनं नाव कुठे ठेवायचं?

मंडळी, वर्षभर फावल्या वेळात ओपनस्ट्रीटमॅपवर (कुणीही बदल करू शकेल असा ऑनलाइन खुला नकाशा) भर घालतोय. आता एका रस्त्यापाशी गाडी अडलीय.

पाटीवर नवं नाव आहे. लोकांच्या तोंडी मात्र अजून जुनंच. आणि त्याच्याही आधीचं एक तिसरं नाव जुन्या, प्रताधिकार संपलेल्या नकाशात सापडलं, ते आता कुणालाच आठवत नाही. मी 'नेम' या टॅगमध्ये (म्हणजे माहितीच्या रकान्यात) नवं नाव लिहून पुढे कंसात जुनं टाकलं. दोन दिवसांत कुणीतरी कंस उडवला. शेरा एवढाच, "नेममध्ये एकच नाव." चूक माझीच, मान्य. पण उडवलेलं नाव त्यानं दुसऱ्या टॅगमध्ये तरी ठेवायचं ना!

मग 'ओल्ड_नेम' सापडला, पण जे नाव लोक रोज घेतात ते 'ओल्ड' कसं? दोन जुनी नावं असली तर? आणि जतन केल्यावर नकाशावर काहीच दिसत नाही, म्हणजे माझंच काही चुकतंय का?

शिवाय याच रस्त्याचं एक वळण. रस्ता सरळ केला तेव्हा ते तुटलं. अर्ध्या भागात गवतातून डांबर डोकावतं, उरलेल्या अर्ध्यावर इमारत उभी आहे. त्याचं काय करू?

प्रतिसाद १
काही चुकत नाहीये. नेहमीच्या नकाशावर फक्त 'नेम' उमटतं. शोधखिडकीत जुनं नाव टाकून बघा. तिथला शोध नॉमिनेटिम करतो आणि तो ओल्ड_नेम, अल्ट_नेम (पर्यायी नाव), लोक_नेम (लोकल, म्हणजे स्थानिक नाव) सगळं वाचतो. नवी नोंद तिथे यायला थोडा वेळ लागू शकतो.
तोंडी असलेलं नाव 'लोक_नेम'मध्ये घाला, विस्मरणात गेलेलं 'ओल्ड_नेम'मध्ये. एकाच टॅगमध्ये दोन नावं असतील तर मध्ये अर्धविराम. फक्त एका टॅगच्या मूल्याला २५५ अक्षरांची मर्यादा आहे, तिथे इतिहास लिहीत बसू नका.

प्रतिसाद २
लोक_नेमशी सहमत. वळणाचे दोन तुकडे करा. डांबर दिसतं त्या भागाच्या 'हायवे' टॅगला (कुठल्याही रस्त्याला हाच टॅग असतो) पुढे 'अबँडन्ड:' लावा. नुसता बंद असून वापरण्याजोगा असता तर 'डिसयूज्ड:' चाललं असतं. इमारतीखालचा भाग काढून टाका. जागेवर जे दिसत नाही ते ओपनस्ट्रीटमॅपमध्ये ठेवत नाहीत.
तो भाग हळहळ न करता ओपनहिस्टॉरिकलमॅपवर (जुन्या काळासाठीचा तसाच खुला नकाशा) न्या. तिथे 'स्टार्ट_डेट' आणि 'एंड_डेट' देऊन प्रत्येक काळाचं नाव वेगळं ठेवता येतं. तुमच्या तिसऱ्या नावाचीही खरी सोय तिथेच आहे.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. लोक_नेम भरलं. शोधात पहिल्या फटक्यात सापडलं नाही, अर्ध्या तासानं आलं. वळणाचेही दोन तुकडे केले.
आता एकच. तिसऱ्या नावाचा शब्द दोन नकाशांत दोन तऱ्हांनी छापलाय, एकात ऱ्हस्व, दुसऱ्यात दीर्घ.

प्रतिसाद २
दोन्ही घाला, मध्ये अर्धविराम. शोधणारा कुठलं टाइप करेल, आपल्याला काय ठाऊक? आणि बदलसंचाच्या (एकत्र जतन केलेल्या बदलांच्या) शेऱ्यात नकाशाचं नाव आणि साल लिहा, नाहीतर परत कुणीतरी उडवेल.