शेणखताच्या उकंड्यातून मिथेन कमी कसा करावा? सल्ला पाहिजे

वावर_आर्वी:
नमस्कार मंडळी, घरी चार म्हशी अन् बैलजोडी हाय, शेण रोज खड्ड्यात पडते, झड लागली की खड्डा पाण्यानं भरते अन् उन्हाळ्यात फोडला की खालचं शेण जसंच्या तसं ओलं, काळं, वास तर विचारूच नका. याच्यातून मिथेन, म्हणजे हवामान तापवणारा वायू, निघते म्हणतात. पऱ्हाटी (कपाशीच्या वाळल्या काड्या) अन् सोयाबीनचं कुटार (भुसा) भरपूर हाय. कमी खर्चात काय करू? गोबरगॅस सध्या जमत नाही.

पुसदवाला:
भाऊ, तुमच्या खड्ड्यात हवाच जात नाही, म्हणून मिथेन होते. खड्डा सोडा, उंचवट्यावर ढीग लावा. शेणात कुटार अन् पऱ्हाटी चांगली मिसळा, नुसते थर नको. कर्ब-नत्राचं (कार्बन-नायट्रोजनचं) प्रमाण 25 ते 30 ला 1 पाहिजे, एकट्या शेणात कर्ब कमी पडते. पऱ्हाटी श्रेडरमधून (तुकडे करायच्या यंत्रातून) काढा, बोटभर तुकड्यांनी ढिगात पोकळी राहते. ओल पाहायची तर मुठीत दाबा, एखाद-दोन थेंब आले तर बरोबर, धार लागली तर कुटार वाढवा. विटा असतील तर नाडेप टाकी बांधा, आमच्या पुसदच्या नारायण पांढरीपांडे काकांनी काढलेली पद्धत हाय, भिंतीत भोकं ठेवतात त्यातून हवा खेळते. वापरून पाहाच, मनापासून सांगतो.

गोठा_दारव्हा:
मग दर आठ दिवसांनी पलटी मारली तर अजून चांगलं ना?

पुसदवाला:
नाही दादा, इथंच लोक फसतात. पलटीनं मिथेन कमी होते खरं, पण सारखं उलथवलं तर अमोनिया उडते, नायट्रस ऑक्साइडही वाढू शकते. 100 वर्षांच्या हिशोबानं मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या 27-28 पट तापवते अन् नायट्रस ऑक्साइड 273 पट! वरून तुमचंच नत्र हवेत गेलं, मग युरियाची गोणी आणा. ढीग तापलेला असतो तेव्हा एक-दोनदा पलटवा, मग राहू द्या. वरून जुन्या कुजलेल्या खताचा वीतभर थर द्या, त्यात मिथेन खाणारे जंतू असतात.

वावर_आर्वी:
अन् झडीत ताडपत्री?

गोठा_दारव्हा:
टाका, पण बाजूनं मोकळी ठेवा, गुंडाळून बांधली तर हवा बंद. बाजूनं चर खोदा म्हणजे पाणी ढिगाखाली शिरत नाही. अन् पुढं गोबरगॅस केलाच तर स्लरी (गॅस निघाल्यावर उरलेला पातळ शेणकाला) उघड्या खड्ड्यात साचवू नका, तिच्यातूनही मिथेन निघतच राहते.