८ मि.मी. सळईचा प्रूफ स्ट्रेस दर वेळी वेगळा येतो : एक्स्टेन्सोमीटर कसा बसवावा?

प्रश्न (चाचणी विभाग, जालना):
नमस्कार. आमच्या प्रयोगशाळेत गुंडाळीतून सरळ केलेल्या ८ मि.मी. टीएमटी सळयांची (बांधकामातल्या पोलादी सळया, प्रत एफई ५००डी) ताण चाचणी होते. या सळयांना स्पष्ट यिल्ड पॉइंट (जिथे कायमची लांबवाढ सुरू होते तो बिंदू) दिसत नसल्याने ०.२ टक्के प्रूफ स्ट्रेस (०.२ टक्के कायमची लांबवाढ करणारा ताण) काढावा लागतो. ५० मि.मी. गेज लेंथचा (मोजणीच्या मूळ लांबीचा) क्लिप-ऑन एक्स्टेन्सोमीटर, म्हणजे सळईला चिमट्याने लावायचे लांबवाढ मोजणारे उपकरण, वापरतो. एकाच हीटच्या (पोलादाच्या एकाच वितळणीच्या) नमुन्यांचा कमाल भार जुळतो, पण प्रूफ स्ट्रेस जुळत नाही आणि आलेखाची सुरुवातच वाकडी येते. नाइफ एज (उपकरणाची सळईवर टेकणारी धारदार पाती) बदलावेत का?

उत्तर १:
कमाल भार जुळतो, म्हणजे लोड सेलवर (भार मोजणाऱ्या भागावर) संशय घेण्याचे कारण नाही. दोष विकृतीच्या (लांबवाढीच्या) मोजणीत आहे. ५० मि.मी.वर ०.२ टक्के म्हणजे जेमतेम ०.१ मि.मी., त्यामुळे पाती ०.०२ मि.मी. सरकली तरी प्रूफ स्ट्रेस बदलतो. मला मात्र पहिली शंका सळईच्या बाकाची येते. गुंडाळीतली सळई सरळ केली तरी थोडा बाक उरतो आणि ती ताणली जाऊ लागली की बाकाच्या आतली बाजू जास्त लांबते, बाहेरची कमी. एकाच बाजूला लावलेले उपकरण त्यातली एकच बाजू वाचते. सुमारे १० किलोन्यूटनपर्यंत भार द्या (म्हणजे अंदाजे २०० मेगापास्कल), उतरवा, उपकरण सळईच्या विरुद्ध बाजूला लावून पुन्हा तेच करा. दोन्ही वेळच्या ताण-विकृती आलेखाच्या उतारांत ठळक फरक असेल आणि त्यांची सरासरी २०० गिगापास्कलच्या (पोलादाच्या स्थितिस्थापकता गुणांकाच्या) आसपास येत असेल, तर दोन्ही बाजूंची सरासरी घेणारा एक्स्टेन्सोमीटर घेणे हाच खरा उपाय आहे.

उत्तर २:
वरील मताशी सहमत आहे. तरीही पाती तपासाच. धार बोथट झाली असेल तर ती बदलण्याचा खर्च किरकोळ आहे. पाती आडव्या रिबच्या (सळईवरच्या उंचवट्याच्या) उतारावर टेकली तर भार वाढताना घसरते, म्हणून दोन्ही पाती रिबांमधल्या सपाट जागी बसवाव्यात. केबल लोंबकळत ठेवू नका, थोडी सैल ठेवून यंत्राच्या खांबाला बांधा. आणि चाचणी सुरू करण्यापूर्वी लॉकिंग पिन (उपकरण बसवताना पाती जागेवर धरणारी खीळ) काढली आहे ना, हे प्रत्येक वेळी हाताने चाचपून पाहा. कॅलिब्रेशन आयएसओ ९५१३ (एक्स्टेन्सोमीटरच्या कॅलिब्रेशनचे मानक) नुसार किमान वर्ग १ चे हवे.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. बाजू बदलून पाहतो. कमाल भारावरची एकूण लांबवाढही याच उपकरणाने घ्यावी का?

उत्तर १:
आधी उपकरण किती लांबवाढ मोजू शकते, ती कमाल मर्यादा पाहा. एफई ५००डीला ही लांबवाढ किमान ५ टक्के लागते, म्हणजे ५० मि.मी.वर २.५ मि.मी., आणि चांगली सळई त्याच्या बरीच पुढे जाते. मर्यादा अपुरी असेल तर प्रूफ स्ट्रेस मिळताच उपकरण काढून घ्या आणि लांबवाढ सळईवरच्या खुणांवरून मोजा, कारण सळई तुटतानाचा झटका क्लिप-ऑन उपकरणाला सहसा सोसत नाही.