युद्ध ज्याने केलं, निर्वासितांना पहिलं दार त्यानेच उघडायला नको का?

सूतवाला, साखर पेठ
मंडळी, बरेच दिवस मनात घोळतंय ते विचारतो. एखाद्या देशाने दुसऱ्याच्या भूमीवर युद्ध केलं आणि तिथली माणसं बेघर झाली, तर त्यांना आसरा द्यायची पहिली जबाबदारी त्याच देशाची नको का? 2003 मध्ये अमेरिका आणि ब्रिटन इराकमध्ये घुसले. 2007 पर्यंत 40 लाखांवर इराकी घरादाराला मुकले होते. त्यातले 20 लाखांच्या आसपास देशाबाहेर पडले, बहुतेक शेजारच्या सीरिया-जॉर्डनमध्ये. अमेरिकेने त्या आर्थिक वर्षात घेतले 1,608. स्वीडन त्या युद्धात नव्हतंच, तरी तिथल्या सोडरतेल्ये या एका शहरात हजारो इराकी आले. शेवटी 2008 मध्ये तिथल्या महापौरांनी, आंदेर्स लागो यांनी, अमेरिकन काँग्रेसपुढे जाऊन हे गाऱ्हाणं मांडलं. आपल्या सोलापूरपेक्षा कितीतरी लहान गाव आहे हो ते. त्यांनी काय म्हणून सोसायचं?

हिप्परगेकर
मालक, हे असंच चालत आलंय बगा. 1971 ला पूर्व पाकिस्तानात अत्याचार केले पाकिस्तानी लष्करानं, आन् कोटभर माणूस आलं आपल्याकडं. त्यांच्या मदतीसाठी टपालाच्या पाकिटाला 5 पैशाचं जादा तिकीट लावत होतो आम्ही. शेजाऱ्यावरच पडतंय की. सीमा चालत ओलांडता येती, समुद्र कसा ओलांडणार?

सूतवाला, साखर पेठ
खरंय अण्णा. तेव्हा आपण दार उघडलं याचा मला अभिमानच आहे. पण शेजाऱ्याने आसरा दिला म्हणून करणारा सुटतो का? समुद्र ओलांडून सैन्य नेता येतं, मग माणसं का आणता येत नाहीत?

वकीलताई
दादा, कायद्यात तसं कलम नाही. 1951 चा निर्वासित करार सांगतो की छळाची भीती असलेल्याला माघारी धाडू नका. तो कोणामुळे बेघर झाला, हे करार विचारत नाही. भारताने तर त्यावर सहीच केलेली नाही. पायंडा मात्र आहे. 1975 मध्ये सायगाव, म्हणजे अमेरिका ज्याच्या बाजूने लढली त्या दक्षिण व्हिएतनामची राजधानी, पडलं तेव्हा अमेरिकेत लोकमत विरोधात होतं, तरी त्याच वर्षी सुमारे 1 लाख 30 हजार जणांना नेलं.

जुना मास्तर
डॉक्टर, शिक्षक सगळे बाहेर नेले तर तो देश उभा कोण करणार? त्यापेक्षा जॉर्डनसारख्यांना भरपूर पैसा द्यावा. लोक जवळ राहतील, शांतता झाली की परततील.

सूतवाला, साखर पेठ
सर, पैसा द्यावाच. पण परतायला काही उरलेलं असलं तर माणूस परततो. माझी आजी 1948 साली रझाकारांच्या भीतीने तुळजापूरकडून कडब्याच्या गाडीत लपून सोलापुरात आली. एका पद्मशाली कुटुंबाने पडवीत, मागाच्या शेजारी जागा दिली. लेकरं दचकून उठतात म्हणून ते लोक रात्री माग बंद ठेवायचे. एका रात्रीचं कापड म्हणजे त्यांचं पोट होतं, सर. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, गाव रझाकारांच्या तावडीतून सुटलं, पण आजीच्या घराचे वासेसुद्धा शिल्लक नव्हते. ती इथलीच झाली.

आणि ज्याने परक्या फौजेसाठी दुभाष्याचं काम केलं, त्याला शांतता झाल्यावरही गावात कोण जगू देणार? ऑगस्ट 2021 मध्ये अमेरिकन फौज निघाली, तालिबान आले, तेव्हा काबूलच्या विमानतळाबाहेर असलेच लोक कागद उंचावून उभे होते. ज्याच्या फौजेसाठी जीव धोक्यात घातला, त्यानेच त्यांना न्यायला हवं. त्यांचा भार इराण-पाकिस्तानवर कशाला?

वकीलताई
मग हाच न्याय आपल्याला लावाल का दादा? श्रीलंकेत आपली शांतिसेना 1987 ते 1990 होती.

सूतवाला, साखर पेठ
लावायलाच हवा. तमिळ निर्वासित 1983 पासूनच येत होते, सगळे आपल्या फौजेमुळे आले असं मी म्हणणार नाही. पण आपण सैन्य पाठवलं, म्हणजे आपला वाटा आहेच. तमिळनाडूच्या छावण्यांत हजारो माणसं अजून आहेत, कित्येकांचा जन्मच तिथला. 2019 च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात त्यांचं नाव नाही. छावणीत जन्मलेल्यांना तरी सरकारने नागरिकत्व द्यावं. यासाठी ताई, अर्ज, निवेदन, काय लिहायचं ते सांगा. सह्या गोळा करायला मी साखर पेठेतून सुरुवात करतो.