दोन बॅरलच्या कार्बोरेटरआधी डिस्ट्रिब्युटर बघा

एकांनी लिहिलंय की फोर्डच्या २०० क्यूबिक इंची सिक्सवर, म्हणजे सहा सिलिंडरच्या इंजिनावर, ॲडॅप्टर लावून दोन बॅरलचा (हवेच्या दोन वाटांचा) कार्बोरेटर बसवला की गाडी लगेच पळायला लागते. अर्धं पटतं. या इंजिनात इनटेक मॅनिफोल्ड (कार्बोरेटरमधून सिलिंडरकडे मिश्रण नेणारा मार्ग) हेडमध्येच ओतलेला असतो, सुटा काढून बदलता येत नाही, त्यामुळे ॲडॅप्टर हाच स्वस्तातला मार्ग. पण १९६७ पर्यंतच्या फोर्ड मस्टँगच्या सिक्सवर लोड-ओ-मॅटिक नावाचा डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) असतो. त्यात इंजिनाच्या वेगानुसार टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, पुढे सरकवणारी सेंट्रिफ्युगल वजनं नसतातच! टायमिंग पुढे सरकतं ते निव्वळ व्हॅक्यूमवर (हवेच्या ओढीवर), आणि तो व्हॅक्यूम मूळ एक बॅरलच्या कार्बोरेटरमधल्या खास व्हॉल्व्हमधून येतो. नव्या कार्बोरेटरला तो व्हॉल्व्ह नसतो.

माझ्या ६५च्या मस्टँगवर मी हीच चूक केली. चढावर गाडी दम सोडायची, आणि मी दोन महिने कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी छिद्रं, बदलत बसलो. शेवटी टायमिंग लाइट (ठिणगीची वेळ दाखवणारा दिवा) लावला, व्हॅक्यूमची नळी काढून बंद केली आणि गाडी रेस केली, तर पुलीवरची खूण जागची हलेना, म्हणजे टायमिंग पुढे सरकतच नव्हतं. मग १९६८ नंतरचा, वजनं आणि व्हॅक्यूम दोन्ही असलेला डिस्ट्रिब्युटर बसवला. त्याच जेटवर त्याच चढावर गाडी टॉप गिअरमध्ये सरळ वर गेली. इतका आनंद झाला की पुन्हा खाली येऊन परत चढवली.

डिस्ट्रिब्युटर घेताना त्याच्या टोकात बसणाऱ्या ऑइल पंपाच्या षटकोनी दांड्याची जाडी मात्र आधी मोजून घ्या, ती सगळ्यांत सारखी नसते.